यंत्राची खांदेमळणी

विजयादशमीच्या दिवशी गोरखीत जाऊन येण्याचा परिपाठ आमच्या घरात फार जुना आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास आपल्या लष्कराचा तळ येथे कायम केला आणि त्याच काळात गोरखीचा वाडा उभा राहिला. पुढे 1874 साली जयविलास राजवाडा तयार झाला, वैभव तिकडे गेले. गोरखीच्या वाट्याला सरकारी कचेऱ्या आल्या, शाळा आली. देवघर मात्र गोरखीतच राहिले. आजही दसऱ्याला शिंदे घराण्याचे वंशज पारंपरिक पोशाखात तेथे येतात, देवदर्शन करतात, शस्त्रपूजा होते. जुन्या मराठी सरदार-मानकऱ्यांच्या घरची मंडळी पगड्या सांभाळत उभी असतात. आम्ही काही मानकरी नव्हेत. पण दर्शन घेऊन, कोणा ओळखीच्याच्या हाती सोने ठेवून, महाराज बाड्यावरून परत यायचे, एवढा आमचा दसरा.

त्या दिवशी रस्त्याने येताना ज्याच्या त्याच्या वाहनाला झेंडूच्या माळा दिसतात. खेड्यांतून आलेले ट्रॅक्टरही असतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, दिव्यांना आंब्याची पाने, सुकाणूला लाल गोंड्यांचा गोफ. मला एक वाईट खोड आहे. माळ पाहून झाली की माझी नजर त्या माळेच्या खाली जाते. गेल्या दसऱ्याला असाच एक ट्रॅक्टर पाहिला. हार ताजा, रंग लखलखीत. आणि हवेच्या गाळणीची तेलाची वाटी क्लिपांतून अर्धवट निसटून एका बाजूला कललेली. म्हणजे इंजिन जी हवा आत ओढत होते, ती थेट रस्त्यावरची धूळ. मी त्या तरुण मालकाला तसे सांगितले. त्याने नम्रपणे मान डोलावली, मला आपट्याची दोन पाने दिली आणि ट्रॅक्टर सुरू करून तो निघून गेला.

त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरातही असेच झाले होते आणि त्याची किंमत आम्ही दिली नाही, दुसऱ्याच कोणी दिली. ती हकीकत पुढे येईलच.

आमची थोडी शेती डबऱ्याच्या अंगाला आहे. हरसीच्या कालव्याने तो मुलूख ओलिताखाली आला आणि गव्हाबरोबर भातही पिकू लागला. 1951 च्या कायद्यांनी मध्यभारतातील जमीनदाऱ्या आणि जहागिऱ्या गेल्या, तेव्हा आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांकडे खुदकाश्त म्हणून ठेवता आली तेवढीच जमीन उरली. घर लष्करात, जमीन वीस-पंचवीस कोसांवर, मधे कोणीतरी बटाईदार किंवा पगारी गडी, अशी ती व्यवस्था. महिन्यातून एकदा मालकाने जायचे, हिशेब पाहायचा, परतताना तुपाची बरणी आणि गुळाची भेली आणायची.

बैल होते तोवर ही व्यवस्था कशीबशी चालली. याचे कारण माझ्या ध्यानात फार उशिरा आले. बैल बोलतो. पाय दुखावला तर लंगडतो, पोट बिघडले तर वैरण सोडतो, खांदा सोलवटला तर जू ठेवू देत नाही. मालक शहरात असला तरी गडी बैलाकडे दुर्लक्ष करू शकत नसे, कारण दुर्लक्षिलेला बैल दुसऱ्याच दिवशी काम नाकारी. शिवाय बैलांच्या निगेची गाठ आपल्या पूर्वजांनी सणाशी बांधून ठेवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, म्हणजे वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून ते चोळतात. ही पूजा नव्हे. हा उपचार आहे. पूजा दुसऱ्या दिवशी. आधी खांदा मळायचा, मग शिंगांना बेगड लावायची, असा तो क्रम आहे.

तीच गोष्ट अवजारांची. बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान आसाला वंगण देई. मोटेचे कातडे तेल पाजून मऊ ठेवावे लागे, नाहीतर ते तडकून अर्धे पाणी वाटेतच सांडे. नांगर-पाभर यांची देखभाल सुतार आणि लोहार करीत आणि त्याबद्दल त्यांना खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. काम निघाल्यावर पैसे मोजायचे, असा तो व्यवहार नव्हता. वर्षाचे बलुते बांधलेले असल्यामुळे फाळ शेवटण्याआधी लोहाराकडे जाण्यात कोणाला खर्च वाटत नसे. बलुतेदारीचे दोष होते आणि ते लहान नव्हते; त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा बलुतेदार आला नाही, हेही खरे.

लोखंडी अवजार मराठी शेतकऱ्याने स्वीकारले तेही सहजासहजी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून लोक तो घेईनात. नंतर मात्र लोखंडावर विश्वास इतका बसला की ते झिजते याचाच विसर पडला! लाकूड डोळ्यांदेखत फुटते, म्हणून त्याला जपायचे. लोखंड काय, पडून राहिले तरी लोखंडच, ही आपली समजूत.

आपल्या या भागात यंत्रांची पहिली मोठी लाट आली ती स्वातंत्र्याबरोबर. माळवा, भोपाळ, बुंदेलखंड या पट्ट्यांत कांस नावाच्या गवताने लक्षावधी एकर काळी जमीन गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती दाद देत नाहीत. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती वर काढून वाळवावी लागतात. त्यासाठी केंद्र सरकारने एक ट्रॅक्टर-संघटना उभारली आणि महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या यंत्रांवर काम सुरू केले. 1949 साली जागतिक बँकेने हिंदुस्थानला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते याच कामासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीकरिता. बँकेने आपल्या देशाला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक. यंत्रे आली, ती चालवणारा आणि जपणारा माणूस कोठून आणायचा, हा प्रश्न उरला. म्हणून 1955 साली नर्मदेच्या काठी बुधनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. ते आजही चालू आहे, यंत्रांची परीक्षाही तेथे होते आणि शेतकऱ्यांसाठी तेथे वर्ग भरतात. भोपाळला 1976 पासून कृषी अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. ग्वाल्हेरात 2008 पासून राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. तेव्हा शिकवणारे कोणी नाही, ही सबब निदान आपल्या मुलखात चालण्यासारखी नाही.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडील चुलत्यांनी, 1978 साली कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. तो दिवस मला लख्ख आठवतो. लष्करातल्या वाड्यासमोर तो दोन तास उभा होता आणि काकूंनी त्याला ओवाळले. यंत्राबरोबर एक छापील पुस्तिका आली होती. तात्यांनी ती गृहप्रवेशाच्या पत्रिकेसारखी जपून कपाटात ठेवली, जमिनीच्या दस्तऐवजांच्या शेजारी. जो गडी ट्रॅक्टर चालवणार होता, त्याला वाचता येत नव्हते. ज्यांना वाचता येत होते, ते ट्रॅक्टर चालवणार नव्हते. पुस्तिका नऊ वर्षे कपाटात राहिली. मी ती पुढे उघडली, तेव्हा तिची पाने एकमेकांना चिकटलेली होती.

तीत लिहिलेले काही फार अवघड नव्हते. रोज सकाळी इंजिनाच्या तेलाची पातळी दांडीवर पाहावी, रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही ते पाहावे, हवेच्या गाळणीची वाटी उघडून तेलात किती गाळ बसला ते पाहावे. पन्नास-साठ तास काम झाले की जेथे जेथे ग्रीसच्या बोंड्या आहेत तेथे ग्रीस भरावे, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा (दीड सेंटिमीटरभर दबला तर ठीक), बॅटरीत शुद्ध पाणी घालावे. सुमारे अडीचशे तासांनी इंजिनाचे तेल व त्याची गाळणी बदलावी. डिझेलच्या गाळणीखाली साठलेले पाणी सोडून द्यावे. डिझेलचे पिंप हलवल्याबरोबर त्यातून डिझेल काढू नये, गाळ बसू द्यावा. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे थंडीच्या रात्री रिकाम्या टाकीत दव धरत नाही. आपल्याकडे पौषात पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, तेथे ही शेवटची सूचना किती मोलाची आहे, हे सांगायला नको.

यांत सर्वांत उपेक्षित गोष्ट हवेची. डिझेल दिसते, ते विकत आणावे लागते, म्हणून त्याची काळजी. हवा फुकट. पण एक लिटर डिझेल जाळण्यासाठी निदान दहा हजार लिटर हवा लागते, हे किती मालकांना ठाऊक असते? दिवसभरात तीस लिटर डिझेल जळाले, तर तीन लक्ष लिटरांहून अधिक हवा इंजिनाने ओढून घेतली. आणि ती हवा कोठली? चैत्र-वैशाखातली आपल्याकडची, चंबळेच्या गाळाची पिठासारखी माती आणि मळणीचा भुसा भरलेली. जुन्या पद्धतीच्या गाळणीत ही हवा तेलावरून वळवून नेतात, धूळ तेलात बसते. तेल चिखल झाले की ते काम बंद पडते. किंवा मग गाळणी चोंदते, इंजिनाचा श्वास अडतो, काळा धूर निघतो. धुळीतली वाळू तेलाशी मिसळली की पॉलिशकागदाचे काम करते. पिस्टनची कडी, लायनर सगळे घासून ढिले होते. मग निळसर धूर निघू लागतो, म्हणजे आता इंजिन आपलेच तेल जाळू लागले. आणि गंमत अशी की अशा वेळी मालक मोठ्या अभिमानाने सांगतो, आमच्या इंजिनाला तेल बदलावेच लागत नाही, नुसते वरून घालत गेले की झाले.

तात्यांचेही तसेच झाले. हप्ता भरायचा म्हणून ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या शेतांवर भाड्याने जाई, कधी कधी सलग वीस-वीस तास. बंद ठेवलेला एक तास म्हणजे बुडालेले भाडे, हा हिशेब. त्याच घरात माझ्या आजीचे शिवणयंत्र होते. ती दर शनिवारी त्यात तेलाचे थेंब सोडी, चिंधीने दोऱ्याचा केर काढी, वर कापडाचे आच्छादन घाली. ते यंत्र आजीच्या माघारी माझ्या आईने चालवले, आता माझी सून चालवते. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र नवव्या वर्षी उतरवावे लागले. घरातील स्त्रियांना कोणी यंत्रशास्त्र शिकवले नव्हते. फरक एवढाच की यंत्र ज्या हाताने चालत होते, त्याच हाताने ते पुसले जात होते.

आता ती दुसरी गोष्ट, जी सांगणे मला सोपे नाही.

1986 चा एप्रिल. गहू खळ्यावर आला होता आणि दोन दिवस आभाळ भरून येत होते. ट्रॅक्टरवर चालणारे मळणीयंत्र रात्रंदिवस सुरू होते. या यंत्राला पेंढ्या आत ढकलण्यासाठी पत्र्याची एक परनाळ असते. ती पुरेशी लांब असावी आणि तिचा आतला भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे ढकलणाऱ्याचा हात फिरत्या पात्यांपर्यंत पोचू शकत नाही. भारतीय मानकाप्रमाणे परनाळ निदान नव्वद सेंटिमीटर लांब आणि त्यातील पंचेचाळीस सेंटिमीटर झाकलेली असावी लागते. आमच्या यंत्राचा झाकणपत्रा आदल्या हंगामात गंजून निखळला होता. दोन नटबोल्ट आणि वीतभर पत्रा, डबऱ्याच्या कोणत्याही लोहाराने तासाभरात केले असते. गड्याने तात्यांना सांगितलेही होते. तात्या म्हणाले, हंगाम संपला की पाहू. तो हंगाम संपला आणि यंत्र तसेच पावसाळाभर छपराबाहेर उभे राहिले.

त्या रात्री पेंढ्या घालणारा मजूर एकोणीस-वीस वर्षांचा होता. पेंढी अडकली, त्याने ती हाताने दाबली. पंजा गेला.

मी त्या वेळी खळ्यावर होतो. ट्रॅक्टर बंद करायला धावलो. पण मधल्या फिरत्या दांड्यावर आवरण नव्हते, ओलांडता येईना, वळसा घालावा लागला. ट्रॉलीतून त्याला डबऱ्याला नेले, तेथून ग्वाल्हेरला. तो वाचला. तात्यांनी दवाखान्याचा खर्च केला, पुढे दोन वर्षे घरी धान्य पाठवले, मग ते पाठवणेही थांबले. त्या काळी मला ठाऊक नव्हते, आणि तात्यांनाही नसावे, की अशा असंख्य अपघातांमुळेच 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला होता आणि इजा झालेल्या मजुराला भरपाई देण्याची तरतूद त्यातच होती. त्या मजुराला तर ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. कायदा होऊन तीन वर्षे झाली होती आणि तो आमच्या खळ्यापर्यंत पोचला नव्हता.

तात्या दुष्ट नव्हते. हे मी त्यांचा पुतण्या म्हणून म्हणत नाही. मजूर-गड्यांशी ते चांगले वागत, कोणाची मजुरी बुडवली नाही. पण त्या पत्र्याकडे पाहणारे डोळे त्यांचे नव्हते आणि त्या परनाळीत जाणारा हातही त्यांचा नव्हता. लष्करात बसून शेती करणाऱ्या आम्हा मंडळींचे हेच झाले. हिशेबाच्या वहीत भाडे, डिझेल, मजुरी यांचे रकाने होते. ग्रीसचा रकाना नव्हता. जे वहीत नाही ते डोळ्यांपुढे येत नाही. इतर मालकांचेही फारसे निराळे नसावे. आज देशात दरवर्षी आठ-नऊ लाख ट्रॅक्टर विकले जातात. त्यांतल्या किती जणांबरोबरची पुस्तिका कपाटात जाते, याची मोजदाद कोण करणार?

अलीकडे अमेरिकेत एक वेगळाच झगडा चालला आहे. तेथील नव्या ट्रॅक्टरांत संगणक बसले, आणि बिघाड शोधण्याची साधने कंपन्यांनी आपल्याच हाती ठेवली. तेव्हा आपले यंत्र आपण दुरुस्त करण्याचा हक्क मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी चळवळ केली आणि 2023 साली कोलोरॅडो राज्याने तसा कायदाही केला. वाचून मला थोडे हसू आले, थोडे वाईटही वाटले. आपल्याकडे हा हक्क कोणी हिरावून घेतलेला नव्हता. तो पडून राहिला. आता आपल्याकडेही दिवस पालटत आहेत. 2023 च्या जानेवारीपासून पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्यासाठी आलेली इंजिने डिझेलमधली घाण किंवा पाण्याचा थेंब जुन्या इंजिनांसारखा सोसत नाहीत. जुने इंजिन खोकत का होईना, हंगाम काढी. नवे सरळ उभे राहते.

तात्या गेले. शेती आता माझा चुलत पुतण्या पाहतो. तो गावीच राहतो, ट्रॅक्टर स्वतः चालवतो. मळणीयंत्र नवे आहे, परनाळ झाकलेली आहे, फिरत्या दांड्यावर आवरण आहे. तो अपघातातला मजूर आज साठीच्या आसपास आहे. मधे कधी भेट झाली, तर तोच आधी डाव्या हाताने रामराम करतो.

गेल्या वर्षी गोरखीचे दर्शन झाल्यावर मी गाडी करून थेट गावी गेलो, पुतण्याने बोलावले होते म्हणून. पूजेचे ताट तयार होते, काकू नव्वदीच्या घरात असूनही खुर्ची टाकून अंगणात बसल्या होत्या. पुतण्याने हार बाजूला ठेवला आणि आधी डिझेलच्या गाळणीखालचा स्क्रू सोडला. भांड्यात पहिल्याने पाणी आले, चांगले दोन चमचे, मग डिझेल. त्याने ते मला दाखवले. नंतर हवेच्या गाळणीची वाटी उघडली, काळा गाळ खरवडून टाकला, रॉकेलने धुतली, खुणेपर्यंत नवे तेल भरले. ग्रीसच्या बोंड्या एकेक करून पुसल्या. तासभर गेला. काकू दोनदा म्हणाल्या की मुहूर्त टळतो आहे. तो म्हणाला, "काकूआजी, आज खांदेमळणी, पूजा मागून." त्यांना ते नीट ऐकू आले नाही. त्यांनी मला विचारले, "काय म्हणतो रे हा?" मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सुनेला हाक मारून म्हणाल्या की जरा हळद आणि तूपही आण, ताटात नाही ठेवलेले.